रविवारचं बोलावणं

गुरुवारच्या बाजारात मी वांगी निवडत होते. माळवं विकणारी भागूबाई तराजूत वजनं टाकता टाकता म्हणाली, "बाई, तुमच्या त्या किरिस्तावाच्या सलोमीबाई वारल्या की वो. तुम्ही कशा आल्या न्हाईत?" माझ्या हातातलं वांगं मी परत ढिगात ठेवलं. "कधी?" म्हटलं. "रविवारी. जालन्याला नेऊन माती दिली. मला वाटलं तुम्हाला ठाव असंल, तुमचं लई येणंजाणं व्हतं." मागं गिऱ्हाईक उभं होतं, ते खोळंबलं होतं. भागूबाईनं विचारलं, "वांगी घ्यायची का न्हाई?" मी अर्धा किलो घेतली. ती वांगी मी पुढं शिजवलीच नाहीत, पिशवीतच सुकली.

चार दिवस! चार दिवस झाले होते आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. रागानं मी घरापर्यंत तणतणत आले. स्टेशनातल्या माणसांवर राग, शेजाऱ्यांवर राग, चर्चच्या मंडळींवर राग. खोलीत येऊन पाणी प्यायले तेव्हा लक्षात आलं, की मला कुणी का सांगावं? त्या बाईच्या घरात मी जवळजवळ तीन वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. माझ्या शाळेपासून तिचं घर चालत सात मिनिटांवर. मी रागीट आहे, फटकळ आहे, हे उभं बदनापूर जाणतं. पोरी माझ्या पाठीमागं मला मिरची म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. पण या रागानं माझं काय केलं, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. आता दीड महिना झालाय. सांगून टाकते.

सलोमीबाईंचं नाव कधी पेपरात आलं नाही, यायचं काही कारणही नव्हतं. नवरा रेल्वेत रूळ बदलणारा सांधेवाला होता. दानिएलराव त्यांचं नाव, मी त्यांना पाहिलं नाही. ते गेल्यावर रेल्वेची खोली सोडावी लागली, तेव्हा बाईंनी स्टेशनाच्या मागं दोन खणांचं पत्र्याचं घर बांधलं आणि शिवणाच्या मशीनवर चोळ्या, परकर, पोरींचे फ्रॉक शिवून दिवस काढले. मूलबाळ नव्हतं. ठेंगणी, काळीसावळी, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा. त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. दर रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं जालन्याला उपासनेला जायच्या आणि दुपारच्या पॅसेंजरनं परत यायच्या. आल्यावर त्यांच्या घरी एक तरी पाहुणा जेवायला असायचा. दर रविवारी. एकही रविवार चुकायचा नाही. यात विशेष ते काय, असं वाटेल. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

मी एकाहत्तर साली इथल्या मुलींच्या शाळेत लागले. गाव माझं भोकरदनकडचं. जवळ दोन पातळं, एक वळकटी आणि वडील नसलेल्या घरातली पहिली नोकरी! खोली शोधायला निघाले तर लोक आधी नाव विचारत. नाव सांगितलं की आडनाव विचारत. आडनाव सांगितलं की म्हणत, "अरेरे, कालच दिली बघा बाई." एका गल्लीत तर तीन घरांनी एकाच दिवशी मला कालच दिली म्हणून सांगितलं. मी तिथंच रस्त्यात उभी राहून म्हटलं, "या गावात काल फार लोक आलेले दिसतात!" उपयोग काय. शेवटी मोठ्या बाईंनी शाळेच्या मागची एक खोली दिली, फाटके नकाशे आणि मोडकी बाकं ठेवायची. भारताच्या नकाशाखाली मी वळकटी पसरली.

शाळेचे सहा दिवस बरे जायचे. पोरींचा गलका, घंटा, हजेरी, त्यात वेळ कळायचा नाही. रविवार मात्र खायला उठायचा. सकाळी कपडे धुऊन झाले की करायला काही नाही, बोलायला कुणी नाही. हात वाळत घातलेल्या पातळावर ठेवून मी ते वाळलं का बघायची, पुन्हा पाच मिनिटांनी बघायची. दुकानाच्या पुड्यांचे कागद वाचायची. एका रविवारी मला कळलं की काल शाळा सुटल्यापासून मी तोंडातून एक शब्द काढलेला नाही. मग मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "कमल, चहा घेणार का?" आणि स्वतःच घाबरले.

पुढच्याच शनिवारी शाळा सुटताना एक बाई फाटकाशी उभी. "सलाम, बाई," म्हणाली. आमच्याकडं असा सलाम कुणी करत नाही, त्यावरूनच ओळखलं, ही ख्रिस्ती. "उद्या माझ्याकडं जेवाया यायचं. पाशिंजर येऊन गेली की, साडेबाराच्या सुमाराला. मेथीची भाजी, तुरीची दाळ नि ज्वारीची भाकर. तुमच्या वाटणीचं पीठ काढून ठेवलंय, न्हाई म्हणू नका."

मी पडले मिरची. मी सरळ विचारलं, "मला किरिस्ताव करायचंय का तुम्हाला? आम्ही एकदा धर्म बदललाय. आता पुन्हा नाही." सलोमीबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, "अवो बाई, माझं मलाच अजून जमून न्हाई राह्यलं, तुम्हाला कुठं करत बसू? जेवाया या, बस्स."

गेले. जमिनीवर दोन ताटं समोरासमोर मांडलेली. त्यांनी हात जोडून डोळे मिटले, आणि एक डोळा उघडून मला म्हणाल्या, "तुम्ही डोळे मिटा का उघडे ठेवा, तुमची मर्जी. भाजी गार होईल इतकं लांबवत न्हाई मी." मी डोळे उघडे ठेवले. त्यांनी देवाला माझं नाव सांगितलं, माझी शाळा सांगितली, माझ्या खोलीला खिडकी नाही तेसुद्धा सांगितलं. हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. मग आम्ही जेवलो. माझ्या समोर बसून कुणीतरी जेवतंय, एवढ्यानंच माझ्या घशात घास अडकायला लागला. त्यांनी बघितलं आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

हळूहळू त्यांची रीत कळली. त्या कधीही कुणाला "या कधीतरी" म्हणायच्या नाहीत. त्याची त्यांना चीड होती. "या कधीतरी म्हणजे तोंडावर दार लावणं," त्या म्हणायच्या. "बोलवायचं तर वार सांगावा, येळ सांगावा, चुलीवर काय हाय ते सांगावं. मंग माणसाला खरं वाटतं." आणि बोलावणं करायला स्वतः जायचं, निरोप धाडायचा नाही. दर शनिवारी त्या गावात फिरून हुडकायच्या. बदलून आलेल्या पोलिसाची बायको, तेलुगू मुलखातली, जिला इथं कुणाशी बोलता येत नव्हतं. बायको वारलेला बांगड्यावाला. बोटं झडलेला एक म्हातारा, जो स्टेशनाबाहेर बसायचा. त्याला ताट हातात देऊन बाहेर बसवलं नाही कधी, आत, आपल्या समोर बसवला. दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी थापताना मोडायच्या. त्या दोन वर्षांतही रविवार चुकला नाही. पाहुण्याला सांगायच्या, "आज मिलोची भाकर नि चटणी हाय, बिलकुल दुसरं काही न्हाई," आणि लोक यायचे.

एकदा मी विचारलं, हे कुठून शिकलात? त्यांनी मशीन थांबवली. लग्न होऊन बदनापूरला आल्या तेव्हाचा पहिला नाताळ त्यांनी सांगितला. करंज्या केल्या, शंकरपाळी केली, आणि आसपासच्या सात घरी ताटं झाकून पाठवली. दुपारपर्यंत सातही ताटं परत आली. झाकलेली, जशीच्या तशी. कुणी उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं. "लई रडले गं बाई," त्या म्हणाल्या. "धनी म्हणाले, आपण जालन्याला बदली मागू. मंग मीच म्हणलं, थांबा. ज्यांना घर हाय त्यांना आपलं ताट नको. ज्यांना घर न्हाई असे हुडकू." शास्त्रात प्रभूनंच सांगितलंय, असं त्यांचं म्हणणं. जेवायला सोयरे बोलावू नको, पैसेवाले शेजारी बोलावू नको, ते उलटून तुला बोलावतील आणि फिटंफाट होईल. ज्याला उलटून बोलावता येत नाही, त्याला बोलाव. हा नियम त्यांनी उभा जन्म पाळला, आणि बराबर पाळला. जो पाहुणा उलटून बोलावण्याजोगा झाला, त्याचं नाव शनिवारच्या फेरीतून निघायचं. पोलिसाच्या बायकोचं तसंच झालं. तिला मैत्रिणी मिळाल्या, तिनं सलोमीबाईंना हळदीकुंकवाला बोलावलं, झालं, पुढच्या शनिवारी दुसऱ्या कुणाचं दार.

एका पाहुण्यावरून मात्र माझं आणि त्यांचं वाजलं. कचेरीत बदलून आलेला कोकणातला एक कारकून होता, एकटा. बाईंनी त्याला बोलावलं, त्याच रविवारी मलाही. तो आला, पण ओट्यावरच बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "मी आपल्याकडचं शिजवलेलं घेणार नाही. आई आहे गावी, तिला शब्द दिलाय." मी आतून भांडणाला निघालेच होते. सलोमीबाईंनी माझा दंड धरला. दोन केळी आणि न फोडलेल्या भुईमुगाच्या शेंगा ताटलीत घेऊन त्या बाहेर गेल्या. "तुमच्या हातानं सोला, साहेब. माझा हात आत लागला न्हाई." तो तासभर शेंगा फोडत बसला आणि आपल्या गावच्या खाडीबद्दल बोलत राहिला. तो गेल्यावर मी उसळलेच. "त्याच्या जातीचे लाड कशाला? उद्या गोमूत्रही शिंपडा!" बाई शांतपणे टरफलं गोळा करत म्हणाल्या, "त्याला भूक जेवायची नव्हती, कमल. बसायची व्हती." मला ते पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. तो माणूस आणखी तीनदा आला, तीनदा शेंगाच खाऊन गेला, आणि त्याची बदली झाली.

मला महिन्यातून दोनदा तरी बोलावणं यायचं. पण बोलावल्याशिवाय मी त्या घरी एकदाही गेले नाही, हे इथंच सांगायला हवं. याला कारण माझी आई. मी लहान असताना आमच्या माणसांनी गावातल्या लग्नाच्या मांडवाबाहेर बसून राहायचं, पंगती उठल्या की उरलंसुरलं पदरात घ्यायचं, असा रिवाज होता. मीही बसलेय. पत्रावळीवरची बुंदी मला आठवते. मी पाचसहा वर्षांची असेन, छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. आईनं घरातले देव पाण्यात सोडले आणि आम्हा भावंडांना समोर उभं करून सांगितलं, "आजपासून बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात उभं राह्यचं न्हाई. जीव गेला तरी." आईचा धर्म मला विचाराल तर तो या एका वाक्यात आहे. माझाही.

शहात्तर साली मला खोली मिळाली. खरी खोली, खिडकीची, चुलीला वेगळी जागा असलेली. गावाकडून आई आली, तिनं भांडी आणली, आठ दिवस राहून गेली. ती गेल्यावर मी ठरवलं, या खोलीत पहिलं ताट सलोमीबाईंचं. शनिवारी स्वतः त्यांच्याकडं गेले आणि अगदी त्यांच्याच थाटात सांगितलं, "उद्या माझ्याकडं जेवायला यायचं. पॅसेंजर येऊन गेली की. गावरान कोंबडीचा रस्सा, बाजरीची भाकरी आणि शेवयांची खीर. तुमच्या वाटणीचं पीठ काढून ठेवलंय." त्या ऐकून खाटेवर बसल्याच. रविवारी नाताळाचं पांढरं लुगडं नेसून आल्या. रस्सा दोनदा मागून घेतला. जाताना दारात माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "आता तुला माझं बोलावणं न्हाई बरं का, कमल." डोळे भरलेले. मला वाटलं, थट्टा करतायत. मीही हसले.

पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. चौथ्या रविवारी मी खिडकीतून बघितलं, तर सलोमीबाई स्टेशनावरून येतायत आणि सोबत एक नवीच मुलगी, हातात ट्रंक, बहुतेक दवाखान्यात लागलेली. बाई तिला काहीतरी सांगतायत आणि ती मुलगी हसतेय... माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे फिटंफाट झाली! मी एक कोंबडी काय शिजवली, माझं नाव फेरीतून निघालं. मग पाच वर्षं मी कोण होते? उलटून बोलावता येत नाही असं कुणीतरी, कुणीही. बोटं झडलेला म्हातारा असतो, बांगड्यावाला असतो, तशी मी. त्यांना माझी माया नव्हती, त्यांना त्यांचा नियम पाळायचा होता, आणि नियमाला एक पोरकं माणूस लागतं. मी त्यांच्या धर्माचं काम होते. ते काम झालं. असं मला वाटलं, आणि एकदा वाटल्यावर ते डोक्यातून निघेना. पंगत उठल्यावरची बुंदी पुन्हा पदरात पडल्यासारखं झालं.

त्या बाजारात भेटल्या. "का गं, येत न्हाईस?" मी म्हटलं, "कामं असतात." "ये की." "बघू." ये की! वार नाही, वेळ नाही, चुलीवर काय आहे ते नाही. त्यांनीच मला शिकवलं होतं, असं बोलावणं म्हणजे तोंडावर दार लावणं. त्यांचीच फूटपट्टी मी त्यांना लावली. पुढं आणखी दोनदा त्या रस्त्यात भेटल्या, दोनदा "ये की" म्हणाल्या, दोनदा मी "बघू" म्हटलं. बोलावल्याशिवाय जाणारी मी नव्हे.

आणि एक गोष्ट मी केली. तीही सांगते. त्या वर्षीच्या नाताळाला शाळेतल्या शिपायाच्या हाती सलोमीबाईंनी करंज्यांचं ताट पाठवलं. विणलेल्या रुमालानं झाकलेलं. बोलावणं करायला मात्र आल्या नाहीत. मी रुमालाचं टोकसुद्धा उचललं नाही. शिपायाला म्हटलं, "परत नेऊन दे. म्हणावं, बाईंना गोड चालत नाही." मला ठाऊक होतं. त्या सात ताटांची हकिगत मला तोंडपाठ होती. ठाऊक असून केलं. अशानं त्यांना लागेल, म्हणूनच केलं. शिपाई जाताना दिसत होता तोवर मी खिडकीत उभी होते आणि मनात म्हणत होते, आता कळेल... त्यानंतर दोन वर्षांत आमची भेट नाही. माझे रविवार पुन्हा पूर्वीसारखे झाले. खोलीला खिडकी होती एवढाच काय तो फरक.

भागूबाईनं बातमी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्टेशनामागं गेले. दाराला कुलूप. शेजारच्या जरीनाभाबी बाहेर आल्या. त्यांचे मालक टांगा चालवतात. सलोमीबाईंचा आणि त्यांचा पंचवीस वर्षांचा शेजार. मला बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. मग ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. वर्षभर बाईंचा श्वास लागायचा, गुडघे धरले होते. जालन्याची फेरी बंद झाली, शनिवारची फेरीही बंद झाली. आणि ती बंद झाली तशी माणसं यायची थांबली. "बुलाने कू गये बगैर कौन आता?" भाबी म्हणाल्या. "सब मेहमान थे ना. मेहमान बगैर बुलाए आते क्या? इतवार कू अकेली बैठती थी. मैं खिचडी लेके जाती तो दो निवाले खाती, बस." पाच वर्षं माझा रविवार ज्या बाईनं उचलून धरला, ती आपल्या रविवारी एकटी बसत होती. आणि मी सात मिनिटांवर.

मी विचारलं, माझी कधी आठवण काढली का? प्रश्न विचारताना माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटला. भाबी म्हणाल्या, "हर इतवार. मैं बोली, बुला लेव ना टीचर कू, मैं खुद जाके बोलती. तो हात हला को नक्को बोली." पुढचं भाबींनी सलोमीबाईंच्या मराठीतच सांगितलं, त्यांच्यासारखी मान हलवून. "'पाव्हण्याला बोलावणं लागतं, जरीना. ती घरची हाय. ज्या दिवशी तिनं मला आपल्या चुलीवरचं वाढलं त्या दिवसापासून ती माझी पोरगी झाली. पोरीला कुणी बोलावणं धाडतं का? रुसलीय. येईल आपण होऊन.'"

ते ताट परत आलं तेव्हा काय म्हणाल्या, हे विचारायचं धाडस मला होत नव्हतं. भाबींनीच सांगितलं. ताट आलं तेव्हा भाबी समोरच होत्या. त्यांना वाटलं, आता ही रडणार. तर बाईंनी रुमाल काढला, एक करंजी भाबींच्या हातावर ठेवली, एक स्वतः तोंडात टाकली, आणि म्हणाल्या, "लई राग हाय पोरीत. परक्याला कुठं एवढा राग येतो?"

फिटंफाट झाली म्हणून नव्हे, तर मी त्यांची झाले म्हणून बोलावणं बंद झालं होतं. दारात माझा चेहरा धरून त्यांनी मला तेच सांगितलं होतं, आणि मी ते उलटं ऐकलं. त्यांना वाटलं, पोरीला एवढं कळत असेल. पोरीला कसं कळणार? पोरगी अख्ख्या जन्मात एकच गोष्ट शिकलेली, बोलावल्याशिवाय दारात उभं राहायचं नाही. त्या आपल्या शास्त्राला धरून बसल्या, मी आईच्या शब्दाला. दोन्ही शब्द खरेच होते. पण दोघी आपापल्या खोलीत बसून एकमेकींची वाट बघत राहिलो, आणि आधी त्यांचा श्वास संपला. मी कितीही नीट मांडलं तरी चूक माझी आहे. त्यांना चालता येत नव्हतं. मला येत होतं.

गेल्या रविवारी जरीनाभाबींकडून कळलं, की बाईंचा भाचा घर रिकामं करायला आलाय. घर रेल्वेतल्या कुणा फिटरनं घेतलंय म्हणे. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी पातळ बदललं, पुन्हा बदललं, निघाले, कोपऱ्यावरून परत आले, पुन्हा निघाले. तिशीकडं झुकलेली मास्तरीण, पण कोपऱ्यापर्यंत अशा येरझाऱ्या, की हसू यावं. दार सताड उघडं होतं. भाचा आत घामाघूम होऊन एक मोठी लाकडी पेटी एकट्यानं ओढत होता. तिशीतला माणूस, जालन्याला प्रेसमध्ये कामाला असतो. मी उंबऱ्याबाहेर थांबले. त्यानं मान वर केली. "या बाई. तुम्ही मावशीच्या पाव्हण्यांतल्या का? सकाळधरनं लई जण येऊन गेले. एक तर पार परभणीहून आल्ता."

"नाही," मी म्हटलं. "पाहुणी नाही. घरची आहे."

कसली घरची, कोणाची कोण, मला कधी बघितलं कसं नाही, असं त्यानं काही म्हणजे काही विचारलं नाही. कपाळावरचा घाम दंडाला पुसला आणि म्हणाला, "मंग बरं झालं. ते पल्याडचं टोक धरा. एकट्याला हलून नाही राह्यली."

पाच वर्षं मी त्या घरात जेवले, पण बाईंनी मला कधी माझं ताटसुद्धा उचलू दिलं नव्हतं. त्या घरात मला कुणी काम सांगितलं ते हे पहिलंच. मी उंबरा ओलांडला, पदर खोचला आणि टोक धरलं. पेटी फार जड होती, आत नुसते शिवणाचे कागदी नमुने आणि कापडाचे तुकडे, तरी जड. दोनदा टेकवत आम्ही ती अंगणात आणली. अंगणात आल्यावर मला पुढं चालवेना. मी त्या पेटीवरच बसले आणि मोठ्यानं रडले, एवढी, की जरीनाभाबी धावत आल्या. भाचा बिचारा गांगरला. मग हळूच म्हणाला, "बाई... आत भांडी राह्यलीत अजून. जरा घासायची हायेत."

मी डोळे पुसले, आत गेले आणि मोरीत भांडी घासायला बसले.